मोहाच्या दिवसांतले रेखाबी

मार्च लागला की आमच्या वर्गात एक वास येऊन बसतो. खेड्यावरून येणारी मुलं वाटेतल्या मोहाखाली थांबल्याशिवाय शाळेत येत नाहीत. खिसे फुगलेले असतात. बाकावर बसताना दोनचार फुलं घरंगळून खाली पडतात, पिवळसर, गुबगुबीत, ओलसर. ऊन पत्र्यावर चढू लागलं की तो वास हळूहळू वर येतो. आधी गोड, मग जरासा आंबूस, आणि शेवटी असा की डोळ्यांवर झापड यावी. फळ्यावर लिहिता लिहिता माझा हात थांबतो. मुलांना वाटतं बाईंना पुढचा शब्द आठवत नाही. मला तर त्या वेळी सगळंच आठवत असतं.

माझी पदवीच्या शेवटच्या वर्षाची परीक्षा याच दिवसांत होती. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. आम्ही नवापूरच्या पलीकडच्या एका गावातून सिल्वासाला आलो तेव्हा मी दुसरीत होते. बाबांना जवळच्या सायली गावात एका धाग्याच्या कंपनीत काम मिळालं होतं. ओळीत दहा खोल्या, समोर सामाईक ओटा, टोकाला नळ, आणि नळाजवळ कुणी तरी लावलेलं शेवग्याचं झाड. त्या ओळीत मराठी, गुजराती, भोजपुरी, ओडिया अशा चार भाषांत भांडणं होत आणि पाचव्या, सगळ्यांच्या मिळून झालेल्या भाषेत मिटत. मी ओट्यावर पुस्तक घेऊन बसले की आजूबाजूच्या बायका मोठ्यानं बोलणं बंद करत. "गप रहो, पोरी पढती है," असं शेजारची काकी म्हणायची. कुणी न मागता चहा आणून ठेवायचं. माझ्या पदवीत त्या ओट्याचा वाटा किती, हे मला कधी सांगता येणार नाही.

आमचं घर ख्रिस्ती. आजोबांपासून. आजोबांनी बाप्तिस्मा घेतला त्या दिवशी घरातली दारू गाळायची मडकी त्यांनी स्वतःच्या हातानं नदीवर नेऊन फोडली, आणि परत येऊन मुलांना तीन गोष्टी सांगितल्या. दारूला शिवायचं नाही. रविवारी काम करायचं नाही. गाव सोडायचं नाही. का, ते सांगितलं नाही. आजोबा कमी बोलणारे होते, आणि कारण सांगण्याची त्या घरात पद्धतच नव्हती.

यातली तिसरी गोष्ट सगळ्यांत आधी गेली. पोटासाठी गाव सुटलं. मग दुसरी गेली, कारण कंपनीची सुट्टी गुरुवारी असायची आणि रविवारी पाळी लागायची. बाबा रविवारी पहाटे कामावर जाण्याआधी दारात उभे राहून डोळे मिटायचे, तेवढीच त्यांची उपासना. आणि पहिली गोष्ट? ती मात्र सिल्वासातसुद्धा राहिली. ज्यांनी हे शहर पाहिलंय त्यांना यातली गंमत कळेल. पलीकडे गुजरातेत दारूबंदी, आणि इकडे हद्द ओलांडली की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना रंगीत पाट्या. शनिवारी संध्याकाळी वापीकडून गाड्यांची रांग लागते. बाबा त्याच पाट्यांखालून सायकलनं रोज जात आणि येत. आई म्हणायची, "यांना त्या पाट्या वाचताच येत नाहीत, म्हणून वाचलेत!" बाबा हसायचे. वाचता येत होत्या त्यांना.

त्या वर्षी माझ्या थोरल्या बहिणीचं, सरलाताईचं, लग्न ठरत होतं. ताई दहावीनंतर पॅकिंगच्या कामाला लागली होती. तिच्या कामावर माझं कॉलेज चाललं होतं, हेही इथेच सांगून टाकते. मुलगा तिच्याच कंपनीतला. दिनेश. मूळचा दुधनीचा, मधुबन धरणाच्या पाण्याकाठचा. दोन वर्षांपासून तो आमच्या चर्चच्या मंडळीत उपासनेला येत होता. अगदी मागच्या रांगेत बसायचा आणि गाणी इतक्या हळू म्हणायचा की ओठ हलतायत एवढंच कळायचं. एका गुरुवारी तो, ताई आणि मी दादऱ्याच्या वनगंगा तळ्यावर गेलो होतो. लाकडी पुलावर ते दोघं पुढे चालत होते आणि मी मागे शेंगदाणे खात. ते काय बोलत होते ते मला ऐकू आलं नाही. ताईची वेणी पाठीवर कशी डुलत होती तेवढं लक्षात आहे. माणूस खूश असलं की त्याची पाठसुद्धा ओळखू येते.

दिनेशला आईवडील नव्हते. त्याला वाढवलं त्याच्या मामानं. देवजीमामा. धरणाच्या पाण्यात त्यांचं जुनं घर गेलं होतं, आणि ज्या पाण्यानं घर घेतलं त्याच पाण्यात ते आता जाळं टाकत. सडसडीत माणूस, कानात बाळी, बोलताना एक डोळा बारीक. भाच्याच्या देवाशी त्यांचं भांडण नव्हतं. "तुझा देव तुजा, माजे देव माजे, मासा दोघांना पण लागतो," असं ते दिनेशला म्हणत.

ते मागणी घालायला आले तो दिवस गुरुवारचा. बाबांची सुट्टी. मामांबरोबर गावातली तीनचार वडीलधारी माणसं होती. ओट्यावर सतरंजी घातली, शेजाऱ्यांकडून खुर्च्या आणल्या, आणि त्या सगळ्यांनी खुर्च्या बाजूला सारून सतरंजीवरच बैठक मारली. ताईनं चहा दिला. पावसापाण्याचं, माशांचं, कंपनीचं बोलणं झालं. मग मामांनी पिशवीतून एक प्लास्टिकचा कॅन काढला आणि पळसाच्या पानाचे द्रोण मांडले. कॅनचं बूच उघडलं तसा मोहाचा वास ओटाभर झाला. शेजारच्या खोल्यांतून दोनचार डोकी बाहेर आली.

मला ठाऊक नव्हतं, पण बाबांना ठाऊक होतं. आमच्याही मूळ गावात हेच चालायचं. त्यांच्याकडे मुलीचा शब्द दारूशिवाय होत नाही. आधी पूर्वजांसाठी दोन थेंब जमिनीवर, मग एकाच द्रोणातून मुलाकडचा थोरला पितो आणि मुलीकडचा थोरला पितो. तेवढं झालं की शब्द बांधला गेला. ते झालं नाही तर नुसत्या गप्पा.

मामांनी भरलेला द्रोण बाबांपुढे धरला.

"घ्या, भाऊ."

बाबांनी हात जोडले. "आम्ही घेत नाही."

"नका घेऊ. प्यायला कोण सांगतं? ओठाला लावा नुसता."

"ओठालाही नाही, मामा. वडिलांनी सांगितलं होतं."

"वडील हायेत?"

"नाहीत. वारले."

"मग कोणाला कळतंय?" मामांबरोबरचा एक म्हातारा म्हणाला, आणि सगळे हसले. बाबाही हसले, पण हात जोडलेलेच होते.

मामा हसले नाहीत. द्रोण तसाच धरून म्हणाले, "तुज्या बापानं सांगितलं पिऊ नको. माज्या बापानं सांगितलं, पाजल्याशिवाय पोरगी मागू नको. आता दोघांचे बाप वर बसून भांडत असतील, आणि आपण हितं."

आई दारातून म्हणाली, "मी सरबत करू का? लिंबाचं?"

"सरबतानं शब्द बांधतात का बाय?" मामा म्हणाले. मग त्यांचा तो बारीक डोळा ताईकडे वळला. ती रिकामे कप गोळा करत होती. मामांना वाट सापडली होती, आणि ती काही वाईट वाट नव्हती. "पोरी, तू ये. तू तर आता आमच्याच घरची होणार. तुज्या बापाचा कायदा तुला कशाला? तू घे एक घोट. बापाचा शब्द पण राहिला, आमचा पण राहिला."

दिनेशनं मान वर केली. तो द्रोण ताईच्या हातात आला तेव्हा ओट्यावर कुणी हललं नाही. टोकाच्या नळाखाली बादली भरत होती, तिचा आवाज बारीक बारीक होत गेला आणि बादली वाहू लागली, तरी कुणी नळ बंद करायला उठेना. मला वाटलं, ती घेईल. मला वाटलं, घ्यावा तिनं. एक घोट, आणि मागच्या रांगेतला तो मुलगा, वनगंगेचा पूल, सगळं तिचं.

ताईनं द्रोणाचा वास घेतला. म्हणाली, "वास छान आहे, मामा." मग तो दोन्ही हातांनी, एक थेंब न सांडता, मामांपुढे परत ठेवला. "आजोबांनी सांगितलं तेव्हा माझा जन्म नव्हता झाला. पण त्यांचं सांगणं माझ्यापर्यंत आलंय. तुमच्या घरात आले तरी ते बरोबरच येणार. आत्ताच सांगितलेलं बरं."

मामांनी दारू परत कॅनमध्ये ओतली, बूच लावलं आणि उठले. रागावून नाही. पण उठले. दिनेशला त्यांच्याबरोबर जावं लागलं.

"देवाला खूश केलंत," त्या दिवशी भाकऱ्या थापताना आई बाबांना म्हणाली. "आता पोरीला कोण करणार?" बाबा जेवले नाहीत. ताई जेवली, पाळीला गेली, आणि रोज जात राहिली. दिनेशनं पाळी बदलून घेतली होती. रविवारी मागच्या रांगेतली त्याची जागा रिकामी दिसायची. ताई कधी वळून बघायची नाही. पण गाणं म्हणताना ती अशी थांबायची, जणू मागून एखादा आवाज यायचा राहिला आहे.

ते ईस्टरपूर्वीचे उपवासाचे दिवस होते. आमच्या पाळकांनी तरुण मंडळींना एक काम दिलं होतं. पवित्र शास्त्रातला असा एक उतारा शोधायचा, ज्यावर आपण कधीच उपदेश ऐकलेला नाही, आणि त्यावर पाच मिनिटं बोलायचं. मी अर्थशास्त्राच्या वहीखाली शास्त्र ठेवून पानं उलटत होते. यिर्मयाचं पुस्तक तसंही लोक घाईनं ओलांडतात. रडण्याचं पुस्तक म्हणून. त्यात पस्तिसावा अध्याय. तिथे मला रेखाबी भेटले.

हे एक लहानसं घराणं. त्यांच्या योनादाब नावाच्या पूर्वजानं फार पूर्वी त्यांना सांगून ठेवलं होतं की द्राक्षारस, म्हणजे द्राक्षांची दारू, प्यायचा नाही, घरं बांधायची नाहीत, शेत पेरायचं नाही, आयुष्यभर तंबूत राहायचं. पिढ्या गेल्या. एके दिवशी देव यिर्मयाला सांगतो की या लोकांना मंदिरातल्या एका खोलीत बोलाव आणि त्यांच्यापुढे द्राक्षारस ठेव. यिर्मया भरलेली भांडी आणि पेले मांडतो आणि म्हणतो, प्या. सांगणारा संदेष्टा, जागा मंदिराची, आणि तरी ते म्हणतात, आम्ही पीत नाही, आमच्या पूर्वजानं सांगितलं आहे. त्यांचं सगळं कारण एवढंच, आणि देव त्यावर खूश होतो.

ओट्यावर बसून मी हे वाचलं आणि पुस्तक मिटलं. पुन्हा उघडलं.

दुसऱ्यांदा वाचताना आणखी दोन गोष्टी दिसल्या. एक म्हणजे ते लोक तेव्हा तंबूत नव्हतेच. बाबेलच्या राजाचं सैन्य आलं म्हणून ते घाबरून यरुशलेमात आले होते, आणि हे त्यांनी न लपवता सांगून टाकलं होतं. शहरात आलो आहोत, नाइलाजानं. एक गोष्ट सुटली. म्हणून बाकीच्या सोडलेल्या नाहीत. आणि दुसरी गोष्ट म्हणजे कोण कोण पीत नाही हे सांगताना ते बायकांना गाळत नाहीत. आम्ही, आमच्या बायका, आमचे मुलगे आणि आमच्या मुली. मुलीसुद्धा. या एका शब्दावर माझं बोट किती वेळ होतं कुणास ठाऊक.

बाबा पाळीवरून आले तेव्हा मी त्यांना तो अध्याय वाचून दाखवला. ते चपला न काढता ओट्याच्या कडेला बसून ऐकत होते. वाचून झाल्यावर मी माझा प्रश्न विचारला. कॉलेजनं मला प्रश्न विचारायला शिकवलं होतं आणि त्याबद्दल मी कॉलेजची ऋणी आहे. "पण बाबा, पिऊ नका असं त्यांना देवानं कुठं सांगितलं होतं? एका म्हाताऱ्यानं सांगितलं होतं. मग देव एवढा खूश का होतो?"

बाबांनी विचार केला. "देव दिसत नाही," ते म्हणाले. "बाप दिसतो. दिसणाऱ्याचं ऐकायची सवय असली तर न दिसणाऱ्याचं ऐकता येईल, असं असंल."

"आणि बापाचं चुकीचं असलं तर?"

"मग मूल सांगंल ना बापाला. सरला सांगू शकली असती." त्यांनी चपला काढल्या. "मी तिच्या तोंडाकडे बघत होतो त्या दिवशी. तिनं घेतला असता तरी मी काही बोललो नसतो. तुझ्या आईला सांगू नको."

माझी पाच मिनिटं मी बोलले. दुकानांच्या वर भाड्यानं घेतलेल्या आमच्या त्या हॉलमध्ये पंख्याचा आवाज फार व्हायचा, त्यामुळे मला ओरडून बोलावं लागलं. काय बोलले ते आता नीट आठवत नाही. आज्ञापालन हा शब्द मला तेव्हा लष्करातला वाटायचा, कवायतीतला. रेखाबी मात्र कवायत करणारे नव्हते. ते घाबरून पळून आलेले, शहराच्या कुठल्या तरी कडेला राहणारे, अर्धं हरवलेले लोक होते, आणि हरवलेल्यातून जे वाचलं ते त्यांनी घट्ट धरलं होतं. असं काहीसं बोलले असेन. या आज्ञापालनाची किंमत कोणत्या मुलीनं दिली हे शास्त्रात लिहिलेलं नाही, हे मात्र मी बोलले नाही. ताई दुसऱ्या रांगेत बसली होती.

माझा अर्थशास्त्राचा पहिला पेपर झाला आणि त्यानंतरच्या गुरुवारी सकाळी देवजीमामा परत आले. या वेळी गावातल्या माणसांशिवाय, दिनेशच्या मोटारसायकलवर मागे बसून. हातात तोच कॅन. दिनेश गाडीपाशीच उभा राहिला, आत येऊ की नको अशा चेहऱ्यानं. आईनं कॅन पाहिला आणि कपाळाला हात लावला.

मामा सतरंजीची वाट न बघता जमिनीवरच बसले.

"भाऊ, मी इतके दिवस पाण्यावर होतो," ते बाबांना म्हणाले. "जाळं टाकतो, ओढतो, आणि डोक्यात तेच. तुमची पोरगी. मला माज्या बहिणीचं लगीन आठवत होतं. या दिनेशची आई. तिच्या शब्दाला आमी काय प्यालो! दोन्ही गावं प्याली. पोरीला पहिल्या बाळंतपणाला माहेरी पाठवायची, असं ठरलेलं. सकाळी उठलो तर तिकडचे म्हणतात, असं ठरलंच नाय. आमच्यातल्या पण कोणाला नीट सांगता येईना. मला पण नाय. नाय पाठवली तिला. परत दिसली नाय ती." दिनेश गाडीच्या आरशाकडे बघत होता. "शब्द बांधायला सगळे होते, भाऊ. सांभाळायला कोणच नव्हता."

बाबा त्यांच्यासमोर बसले.

मामांनी द्रोण काढला. भरला. आणि बाबांपुढे धरला.

"अहो, परत कशाला?" आई दारातून म्हणाली. "नाही म्हणाले ना ते!"

"द्यायला तर लागंल ना, बाय. दिल्याशिवाय तो नाय कशाला म्हणंल?" मामा बाबांकडे वळले. "म्हण. नाय म्हण."

बाबांनी हात जोडले. "आम्ही घेत नाही, मामा. वडिलांनी सांगितलं होतं."

"झालं," मामा म्हणाले. त्यांनी दोन थेंब जमिनीवर सोडले, पुटपुटून कुणाकुणाची नावं घेतली, आणि उरलेली दारू एका दमात प्यायली. मिशी पुसली. "आता ऐक. मी पितो, तू लक्षात ठेव. दोघांनी मिळून शब्द बांधला."

मग बोलणं झालं. ताईनं नोकरी ठेवायची. रविवारी उपासनेला जायचं. पहिलं बाळंतपण माहेरी. मामा एकेक गोष्ट बोलत आणि विचारत, "ठेवलं?" बाबा म्हणत, "ठेवलं." ताई दाराआड उभी होती. शेवटी मामांनी हाक मारली, "बाहेर ये ग. तुजा वास घेऊन झाला का?" आणि ती इतकी हसली की तिला तोंडावर पदर घ्यावा लागला.

पुष्कळ वर्षांनी, मुलांना पेपर लिहायला बसवून वर्गात फेऱ्या मारताना, मला एकदम कळलं की यिर्मयाच्या त्या खोलीत काय झालं असावं. इतके दिवस मला वाटायचं, ती परीक्षा होती. देव त्यांना मोहात पाडून बघत होता. पण देवाला तर ठाऊकच होतं की ते पिणार नाहीत. पेले मांडले होते ते त्यांचं नाही म्हणणं सगळ्यांना ऐकू यावं म्हणून. नाही म्हणता यावं म्हणून आधी कुणाला तरी हो म्हणण्यासारखं काही समोर ठेवावं लागतं. तंबूच्या आत, कुणी विचारत नसताना केलेलं आज्ञापालन देवाला दिसतं, पण त्यानं आणखी कुणाचा रस्ता उजळत नाही. मामा असे संदेष्टे वगैरे नव्हते. पण त्यांनी तो द्रोण दुसऱ्यांदा पुढे केला नसता तर बाबांचा नकार हा आमच्या घरातला एक हट्ट म्हणून राहिला असता, आईच्या टोमण्यांपुरता.

ताईच्या लग्नाच्या दुसऱ्या वर्षी तिच्या चुलतसासूनं घोळ घातला. बाळंतपण इथंच करू, कशाला पाठवायची. मामांनी बाबांना बोलावून घेतलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, "काय ठरलं होतं?" बाबांनी सांगितलं. मामा म्हणाले, "ऐकलं? जा, बॅग भरा तिची." माझ्या भाचीनं पहिला श्वास आमच्या त्या ओळीतल्या खोल्यांजवळच्या दवाखान्यात घेतला.

तिथून पुढे एक चालच पडली. दुधनीकडे कुणाचा शब्द असला की मामांचा निरोप यायचा. बाबा सुट्टी बघून जायचे. सगळे गोल बसत, द्रोण फिरत फिरत बाबांपाशी यायचा, बाबा हात जोडायचे, कुणी तरी म्हणायचं "नाय म्हणाला, चला," आणि मग बोलणी सुरू. त्यांच्याशिवाय बैठक सुरू होत नसे. आमच्यातल्या काहींना हे आवडलं नाही. ख्रिस्ती माणसानं दारूच्या बैठकीत बसावं का, असं कुणी पाळकांकडे बोललंही. पाळकांनी बाबांना विचारलं. बाबा म्हणाले, "मी प्यायला जात नाही, ऐकायला जातो." पाळकांनी पुन्हा विचारलं नाही. त्या अध्यायाच्या शेवटी देव रेखाबींना एक वचन देतो, की तुमच्या घराण्यातला एक तरी माणूस माझ्यासमोर कायम उभा राहील. मला पूर्वी वाटायचं की हे वचन मंदिरातल्या उभं राहण्याचं असणार. आता वाटतं, देवासमोरची जागा कुठे असते हे काय सांगावं. पाण्याकाठच्या एखाद्या अंगणात, मोहाच्या वासातसुद्धा असेल.

या मार्चमध्ये बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी धूळ आणि ऊन वर्ज्य केलं. त्याच आठवड्यात मामांचा निरोप आला. त्यांच्या चुलतघरात एका मुलीचा शब्द आहे. बाबांनी काळा चष्मा लावून फोन कानाला धरला आणि म्हणाले, "मला नाही जमणार हो." पलीकडून मामा काही तरी मोठमोठ्यानं बोलत राहिले. बाबांनी फोन माझ्याकडे दिला.

"तू ये," मामा म्हणाले. "घरातलं कोणी तरी पायजे."

"मी? मामा, बैठकीत बाई चालेल का?"

"तुज्या बहिणीनं नाय म्हटलं तेव्हा ती काय होती, बाप्या? ये गपचूप. चपला बऱ्या घाल, वाट खडकाळ हाय."

रविवारी उपासना झाल्यावर मी गेले. बस खानवेलच्या पुढे वळली तशी दोन्ही बाजूंना पळस दिसू लागला आणि मग मधूनच, झाडांच्या फटीतून, पाणी. निळंही नाही आणि हिरवंही नाही, झोपेतून जागं होताना दिसावं तसं. मामा आता वाकले आहेत, पण डोळा तसाच बारीक. अंगण सारवलेलं होतं. मी शिक्षिका म्हणून कुणी खुर्ची आणली, ती मी बाजूला सारली आणि सगळ्यांबरोबर खाली बसले.

द्रोण फिरत आला. त्यात ती माझ्या वर्गातलीच फुलं होती, वेगळी झालेली. शेजारच्या माणसानं तो माझ्यापुढे धरला तेव्हा मला हसू येत होतं, कारण उत्तर तर ठरलेलं होतं. मी हात जोडले. "आम्ही घेत नाही. आजोबांनी सांगितलं होतं."

"नाय म्हणाली, चला," मामा म्हणाले.

बोलणी लांबली. मुलाकडचे सायलीत कामाला असलेले, बोलण्यात हिंदी-गुजराती मिसळणारे. मुलगी सिल्वासाला नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला. आधी तारखेवर, मग मांडवावर, मग जेवणावर बोलणं झालं, आणि मध्येच, द्रोण तिसऱ्यांदा फिरत असताना, मुलाचा बाप सहज म्हणाला, "पढने दो, भाई, पढने दो, पूरा करू दे तिला, आमचं काय जातं." कुणी तरी टाळी दिली आणि बोलणं बैलगाडी आणायची की जीप, याकडे वळलं. थोड्या वेळानं तो बाप झोपाळलेल्या डोळ्यांनी गाणं म्हणू लागला आणि सगळं अंगण त्याच्याबरोबर म्हणू लागलं. गाणं छानच होतं. मीही टाळ्या वाजवल्या.

निघताना मी पाणी प्यायला मागच्या बाजूला गेले. ती मुलगी रांजणाजवळ उभी होती. अठरा-एकोणीस वर्षांची, हातावर शाईनं लिहिलेलं काही तरी अर्धं पुसलेलं, उद्याच्या परीक्षेचं असावं. तिनं मला तांब्या दिला. आधी पुढच्या अंगणाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"ताई," ती अगदी हळू म्हणाली. "ते शिकू देण्याचं बोलले ना? तुम्ही ऐकलं ना?"

"ऐकलं," मी म्हणाले.